कोल्ह्याची वाट आणि झुडपी जंगल

सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ या महसुली प्रकाराविषयी निकाल दिला. सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने या जमिनी वन समजाव्यात असे ठरविले. त्याचबरोबर १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनींचे वाटप झाले आणि ज्यांवर घरे, शाळा, कचेऱ्या उभ्या राहिल्या, त्या केंद्राच्या संमतीने नियमित करण्याची वाटही मोकळी ठेवली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत निकालाची चर्चा झाली, ती माणसांच्या अंगाने होणे स्वाभाविकच होते. ज्याच्या घराखालची जमीन कागदोपत्री जंगल आहे, त्याला घराचे पुढे काय, ही काळजी असणारच. परंतु या जमिनीचा एक जुना वहिवाटदार या चर्चेत आठवण्याचे कोणाला काही कारण नव्हते. तो वहिवाटदार म्हणजे कोल्हा.

‘झुडपी जंगल’ हा शब्द वनशास्त्राचा नव्हे, कारकुनाच्या लेखणीचा आहे. जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातील दप्तरांत, गावच्या शिवारातील जी जमीन नांगराखाली आलेली नव्हती आणि जिच्यावर नाव घ्यावे असे उंच रानही नव्हते, तिच्यापुढे हा शेरा पडत गेला. गावकऱ्यांचा निस्तार, म्हणजे गुरे चारणे, काटक्याकुटक्या वेचणे, कुंपणाला काटे तोडणे, या जमिनीवर चाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मुलूख मुंबई राज्यात आला आणि त्याच्यासोबत दप्तरेही आली. पुढे १९८० साली वनसंवर्धन कायदा झाला. १९९६ मध्ये गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा कोशातील अर्थ घ्यावा असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. आणि तोवर कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या या शेऱ्यावर एकाएकी कायद्याचे ओझे येऊन पडले. सहा जिल्ह्यांत मिळून या जमिनी सुमारे पावणेदोन लाख हेक्टर भरतात. त्यांपैकी ८६,४०९ हेक्टर वनव्यवस्थापनास अयोग्य आहेत, असे राज्य शासनाचे म्हणणे होते. अयोग्य का, तर तुकडे लहान आहेत, विखुरलेले आहेत, गावाला लागून आहेत. वनव्यवस्थापनाच्या दृष्टीने हे जे दोष आहेत, ते कोल्ह्याच्या दृष्टीने गुण आहेत.

भंडारा जिल्ह्याचा नकाशा पाहिला म्हणजे हे पटेल. उत्तरेकडून येऊन जिल्ह्यातून वळणे घेत जाणारी वैनगंगा, तिला मिळणाऱ्या बावनथडी, सूर, चुलबंद यांसारख्या नद्या, अंबागड आणि गायखुरीच्या ठेंगण्या डोंगररांगा आणि या सर्वांच्या मधल्या सपाटीवर पसरलेली धानाची शेती. धानाची शेती म्हणजे बांध्यांची शेती. प्रत्येक बांधीला चारी बाजूंनी धुरा, आणि धुऱ्यांच्या या जाळ्यात मधूनमधून बोड्या व तलाव. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे आले आणि मालगुजारी संपल्यावर ‘माजी मालगुजारी’, म्हणजे आजचे ‘मामा तलाव’, झाले. तलावाच्या पाळीवर झुडपे, पाळीखाली ओलीत, वरच्या अंगाला पाणी उतरून येण्यासाठी राखलेले माळरान, अशी ही रचना असे. धुरा, पाळ, नाल्याचा काठ आणि झुडपीचा तुकडा, हे सारे शेतकऱ्याच्या हिशेबात पडीक. कोल्ह्याचा संसार मात्र नेमका या पडिकावर उभा आहे.

सामान्य समजूत अशी, की कोल्हा हा जंगलातला प्राणी आणि तो अन्न शोधत गावाकडे ‘येतो’. वस्तुस्थिती बरीच वेगळी आहे. जिल्ह्याच्या पूर्वेस नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० पासून आहे. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला आणि कोका अभयारण्य त्यात आले. पवनीच्या बाजूला उमरेड-कऱ्हांडला आहे. या राखीव रानांत वाघ आहे, बिबट्या आहे आणि नागझिऱ्याची ओळख ठरलेल्या रानकुत्र्यांच्या टोळ्या आहेत. आठ-दहा किलो वजनाच्या कोल्ह्याला घनदाट रानाच्या गाभ्यात यांच्यासमवेत राहण्यात लाभ थोडा आणि धोका फार. मोठे शिकारी प्राणी लहानांना मारतात, आणि मारले नाही तरी त्यांना बिचकून राहावयास लावतात. युरोपात याचे मोठे उदाहरण घडले. तेथे लांडगे मारले गेले, त्या पोकळीत कोल्हे बाल्कन प्रदेशातून उत्तरेला सरकत थेट एस्टोनिया आणि डेन्मार्कपर्यंत पोचले. बल्गेरियाने १९६२ साली कोल्ह्याला संरक्षण दिल्यानंतर त्यांची संख्या झपाट्याने वाढली, हेही या प्रसाराचे एक कारण मानले जाते.

रानाची कड हे कोल्ह्याचे खरे घर होय. पूर्ण उघड्या माळावर लांडगा आणि खोकड, पूर्ण दाट रानात वाघ आणि रानकुत्रा, आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात कोल्हा, अशी ही ढोबळ वाटणी आहे. ढोबळ एवढ्यासाठी म्हणावयाचे, की कोल्हा कोणताच नियम फार काटेकोर पाळत नाही. मुंबईच्या खाडीकाठच्या कांदळवनांत तो आहे, खारघरच्या इमारतींच्या पायथ्याशी तो आहे, गुजरातेत भाल प्रदेशाच्या खारट मैदानात तो आहे. मध्य प्रांतातील जुन्या शिकारी-लेखकांनी तर वाघाच्या मागे ठरावीक अंतर राखून हिंडणाऱ्या, त्याच्या शिकारीवर उदरनिर्वाह करणाऱ्या एकांड्या कोल्ह्याचे वर्णन करून ठेवले आहे. त्याला ते ‘कोलभाल’ म्हणत. किपलिंगने १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये शेरखानाचा चेला म्हणून तबाकी नावाचा कोल्हा रंगविला, त्याच्यामागे अशाच कथा असाव्यात. त्या पुस्तकातली नदी हीच वैनगंगा. फक्त सिवनीकडची, भंडाऱ्याच्या वरची.

या प्राण्याला हिंडण्यासाठी किती जागा लागते? संशोधकांनी गळ्यात रेडिओ पट्टे बांधून ठिकठिकाणी मोजले, तेव्हा उत्तरे चौरस किलोमीटरभरापासून वीस चौरस किलोमीटरपर्यंत आली. हा फरक कशाने पडतो, याचा चांगला उलगडा इस्राएलमधील एका पाहणीने केला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत गावांजवळ राहणाऱ्या कोल्ह्यांचा वावर सरासरी ६.६ चौरस किलोमीटरांत आढळला, तर गावांपासून दूर, नैसर्गिक प्रदेशात राहणाऱ्यांचा २१.२ चौरस किलोमीटरांत. अन्न जवळ असेल तर पायपीट कमी, हा साधा व्यवहार आहे. बांगलादेशातील शेतीप्रदेशातही कोल्ह्यांवर असेच काम झाले आहे आणि भंडाऱ्याच्या वाचकाला ते अधिक जवळचे वाटावे. कारण तोही धानाचा, पाण्याचा आणि दाट वस्तीचा मुलूख. तेथे दिसून आले ते असे, की कोल्ह्याचे खाणे मुख्यतः शेतातले उंदीर, आणि त्याची खरी अडचण अन्नाची नसून दिवसा लपण्याच्या जागेची आहे. रात्री सारे शिवार त्याचे असते. उजाडले की त्याला उसाचा फड, वेळूचे बेट किंवा गावाकडेची गचपण हवी. दिवसाची ही सावली जेथे नाही, तेथे उंदीर कितीही असोत, कोल्हा टिकत नाही.

हे सूत्र हाती घेऊन भंडाऱ्याच्या शिवाराकडे पाहिले, म्हणजे तेथील कोल्ह्याचे वर्ष डोळ्यांपुढे येते. मृगानंतर पऱ्हे टाकले जातात, आषाढात रोवणी सुरू होते आणि बांध्या पाण्याने भरतात. उंदरांची बिळे बुडतात आणि त्यांना धुऱ्यावर यावे लागते. धुरा हाच कोल्ह्याचा रस्ता. बेडूक, खेकडे, पंख फुटलेल्या वाळव्या यांचीही त्या दिवसांत ददात नसते. धान पोटरीला आले, की शेताचाच आडोसा होतो आणि महिना-दोन महिने झुडपीवाचूनही त्याचे भागते. खरा हंगाम कापणीचा. कार्तिकात धान आडवे पडते, पुंजणी लागतात, पुंजण्याखाली उंदीर जमतात, आणि रात्री कोल्ह्याची जोडी बांधीमागून बांधी तपासत जाते. पण याच महिन्यात त्याचा आडोसा मात्र एका आठवड्यात नाहीसा होतो. कालपर्यंत कंबरेएवढे पीक होते तेथे आज नुसती धसकटे. लाखोळी आणि जवस यांची उंची ती किती? मग दिवसा बसावयाचे कोठे? नाल्याच्या कपारीत, तलावाच्या पाळीवर, आणि झुडपी जंगलातील बोराटी, पळस, घाणेरीच्या जाळ्यांत. कापणीनंतरच्या सात-आठ महिन्यांत हे तुकडे नसतील, तर उरलेल्या चार महिन्यांची सुबत्ता व्यर्थ.

हिवाळ्यात बोरे पिकतात. बोर आणि जांभूळ ही कोल्ह्याची आवडती फळे असल्याचे विष्ठेच्या तपासणीतून पुष्कळ ठिकाणी सिद्ध झाले आहे, आणि गिळलेल्या बिया तो कोसाकोसावर टाकीत जातो, म्हणून बोराटीचे रान पसरविण्यात त्याचाही हात असतो. ज्या झुडपात तो लपतो ते काही अंशी त्यानेच पेरलेले असते, असे म्हटले तर फार वावगे होणार नाही. याच दिवसांत जोड्या जमतात. कोल्हा बहुधा जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहतो. सुमारे ६३ दिवसांनी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, पिल्ले होतात. आणि मागच्या वर्षीचे एखादे वाढलेले अपत्य आईबापांजवळ राहून धाकट्यांना भरविते, राखण करते. पिल्ले बिळात असेपर्यंत कुटुंबाचा सारा वावर त्या बिळाभोवती बांधला जातो. बीळ उकरण्यास मऊ पण न ढासळणारी माती लागते. ती नाल्याच्या उभ्या काठात मिळते, जुन्या पाळीत मिळते, आणि काही वेळा रस्त्याखालची कोरडी मोरीही चालते. चैत्र-वैशाखात मोहाची फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची आणि तेंदूला नवी पाने यावीत म्हणून रान जाळण्याची जी रीत आहे, तिची झळ नेमकी या बिळांच्या दिवसांत लागते.

उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरवाड्या लागत. ढिवर कुटुंबे वैनगंगेच्या पात्रात झोपडी घालून टरबुजे, डांगरे, काकड्या पिकवीत आणि रात्री कोल्ह्यांवर पाळत ठेवीत. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण पंडितांनी क्षुद्र लाभावर संतुष्ट होणाऱ्या माणसासाठी राखून ठेवली आहे. तथापि ती ज्याने प्रथम उच्चारली त्याने कोल्ह्याला काकडी खाताना पाहिले होते, हे निश्चित. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात सर्वभक्षक म्हणून जे लिहिलेले असते ते या तीन शब्दांत आले आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे त्याचे पाणी चढत गेले, तशी पवनी-भंडारा पट्ट्यातली वाळूची पात्रे आणि काठावरचे नाले बुडाले. गावे उठली, त्यांचा प्रश्न मोठा होता व आहे. त्या काठावरच्या बिळांची नोंद ठेवण्याचे काम कोणाकडेच नव्हते.

मराठी भाषेने एकंदरीत कोल्ह्यावर अन्यायच केला आहे. पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोघे निदान मंत्री तरी होते. त्यांच्या नावांवरून अरबीत ‘कलीला व दिम्ना’ हा ग्रंथ झाला आणि तो जगभर गेला. पुढे इंग्रजी क्रमिक पुस्तकांचा जमाना आला आणि इसापाच्या गोष्टींतला युरोपीय प्राणी मराठीत ‘कोल्हा’ होऊन बसला. द्राक्षे आंबट म्हणणारा तो वास्तविक वेगळ्या कुळातला. त्याचा इकडचा भाऊबंद म्हणजे खोकड. तेव्हापासून शाळेतल्या चित्रांत तांबड्या झुबकेदार शेपटीचा परदेशी प्राणी आणि शिवारात राखी-पिवळट अंगाचा देशी प्राणी, दोघांचे नाव एकच, अशी गल्लत चालू आहे. मुलांना तो चतुर म्हणून माहीत असतो. तो काय खातो, कोठे राहतो, हे माहीत नसते. नावांचा घोटाळा शास्त्रज्ञांनाही चुकला नाही, हे त्यातल्या त्यात समाधान. आफ्रिकेत ज्याला शंभर-दीडशे वर्षे आपल्याच जातीचा कोल्हा म्हणत, तो जनुकीय तपासणीत लांडग्याच्या अधिक जवळचा, स्वतंत्र जातीचा ठरला, ते २०१५ साली.

‘कोल्हेकुई’ हा शब्दही असाच बदनाम झालेला. वृत्तपत्रांत तो विरोधकांच्या टीकेसाठी वापरतात. प्रत्यक्षात तिन्हीसांजेला एका टोकाला एक आवाज उठतो, त्याला त्याचे कुटुंब साथ देते, आणि मग पलीकडच्या शिवारातून दुसरे कुटुंब उत्तर देते. तेव्हा कोणाची हद्द कोठपर्यंत हे ठरत असते. तलाठ्याच्या नकाशाशिवाय चाललेली ही मोजणीच म्हणावयाची. युरोपातील संशोधक याचाच उपयोग करून घेतात. ध्वनिमुद्रित कोल्हेकुई ठरावीक ठिकाणी वाजवितात आणि किती दिशांनी उत्तर येते ते टिपतात. त्यावरून कुटुंबे मोजली जातात. भारतात कोल्हे किती, याचा २००४ सालचा एक तज्ज्ञांचा अंदाज निदान ८० हजारांचा आहे. अंदाजच तो. वाघाची शिरगणती दर चार वर्षांनी होते, त्याच्या पट्ट्यांवरून एकेकाची ओळख पटविली जाते. २०१३ साली नागझिऱ्याचा ‘जय’ नावाचा वाघ भंडारा जिल्हा ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यास गेला, तेव्हा त्याच्या वाटेवरची गावे वर्तमानपत्रांत छापून आली, आणि २०१६ मध्ये तो दिसेनासा झाला तेव्हा त्याचा शोध संसदेपर्यंत गाजला. ज्या धुऱ्यांवरून, नाल्यांतून, झुडपी तुकड्यांच्या आडोशाने अशी वाटचाल घडते, त्यांची जपणूक करावी असे मात्र तेव्हा फारसे कोणी म्हणाले नाही.

कोल्ह्यापासून माणसाला उपद्रव नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शेळीचे करडू तो उचलतो, कोंबड्या नेतो, मक्याचे कणीस मोडतो, भुईमूग उकरतो. पिसाळलेला कोल्हा गावात शिरला तर अनर्थ होतो. मुंबईत २०२४ मध्ये मेलेल्या कोल्ह्यांत पिसाळ रोगाचे निदान झाले, ते ताजेच आहे. परंतु हिशेब मांडावयाचा तर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. सर्बियातील संशोधकांनी तसा तो मांडला. २०१६ साली त्यांनी दाखविले, की त्या एका देशात कोल्हे वर्षाला ३,७०० टनांहून अधिक जनावरांचे टाकाऊ अवशेष आणि १ कोटी ३२ लाख उंदीर फस्त करतात. भंडाऱ्यासाठी असा हिशेब उपलब्ध नाही. परंतु घूस आणि शेतउंदीर धुऱ्यात बिळे करून बांधीचे पाणी कसे वाहवितात, हे ज्याने रात्री कंदील घेऊन धुरा बुजविला आहे त्याला आकड्यांवाचून कळते. पूर्वी गावाबाहेर टाकलेले ढोर गिधाडे तासाभरात साफ करीत. डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडे संपत आली. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण गिधाडे परतली नाहीत. ते काम कोल्ह्यांवर आणि भटक्या कुत्र्यांवर येऊन पडले, आणि त्यात कुत्र्यांची सरशी झाली.

कुत्रा हा आज कोल्ह्याचा सर्वांत अवघड शेजारी आहे. दोघांचे कूळ एकच, आजार एकच, अन्नही बरेचसे एकच. पण कुत्र्याच्या पाठीशी माणसाचा उकिरडा आहे. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकडांवर वर्षानुवर्षे काम केले. कुत्रे आसपास असले, की खोकड अन्न असूनही ती जागा टाळतात, असे त्यांना आढळले. कुत्र्यांतील डिस्टेंपरसारख्या रोगाचा संसर्ग खोकडांपर्यंत पोचल्याचेही त्याच परिसरात दिसून आले. कोल्ह्याची गोष्ट याहून फार निराळी असण्याचे कारण नाही. त्यात भर घालणाऱ्या गोष्टी विदर्भात सर्वांना ठाऊक आहेत. डुकरांसाठी कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह आलेल्या पाहुण्याची जात विचारीत नाही. उंदरांसाठी टाकलेल्या विषाचा उंदीर खाणाऱ्यालाही धोका असतो. नागपूर-रायपूर महामार्गावरून रात्रभर वाहने धावतात, आणि रस्ता ओलांडताना थबकून दिव्याकडे पाहण्याची कोल्ह्याची सवय त्याच्या जिवावर येते.

तरीही यातले कोणतेही एक कारण जागेच्या प्रश्नाएवढे मोठे नाही. उन्हाळी धानामुळे शेत अधिक काळ हिरवे राहते हे खरे, परंतु पाणी आणि यंत्रे आली तसे धुरे अरुंद झाले आणि त्यांवरची झुडपे तोडली गेली. तलावाच्या पाळी दुरुस्त करताना त्या घासूनपुसून स्वच्छ करण्यात येतात. राहता राहिला झुडपीचा तुकडा. तो कायद्याने आता वन ठरला आहे. पण वन ठरले म्हणजे तेथे झाडे लावलीच पाहिजेत, अशी आपल्याकडची समजूत. खड्डे खणावयाचे, बोराटी-घाणेरी उपटून काढावयाची, एका ओळीत सागाची नाहीतर आणखी कसली रोपे लावावयाची आणि भोवती चर काढावयाचा, हा वनीकरणाचा ठरलेला विधी. झुडपाला आपल्या शासकीय व्यवहारात स्वतःची अशी किंमतच नाही. ते एकतर उद्याचे जंगल असते किंवा आजचे पडीक. न्यायालयाने या बाबतीत काही बंधने घातली, ही समाधानाची गोष्ट आहे. दुसरीकडे तोडलेल्या वनाची भरपाई म्हणून झुडपी जमिनीवर रोपे लावता येणार नाहीत. बिगरवन जमीन उपलब्धच नाही असे राज्याच्या मुख्य सचिवांनी प्रमाणित केले तरच ती वापरता येईल, आणि तेव्हाही दुप्पट क्षेत्र घ्यावे लागेल.

कोल्ह्याला कायद्याचे संरक्षण नाही असेही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो होताच. २०२२ च्या दुरुस्तीने तो वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत, जाऊन बसला. त्याला मारणाऱ्यास आता वाघ मारणाऱ्याप्रमाणेच कायद्याच्या कडक कलमांना तोंड द्यावे लागेल. परंतु कायदा शरीराला संरक्षण देतो, वहिवाटीला नव्हे. कोल्ह्याला न मारता नाहीसे करणे फारच सोपे आहे. त्याचे दिवसाचे बसावयाचे ठिकाण तेवढे मोडले की पुरे. त्यासाठी बंदूक लागत नाही, एक यंत्र आणि एक दुपार पुरते, आणि त्या कामाला सपाटीकरण असे निरुपद्रवी नाव असते.

येथे गावकऱ्यांच्या बाजूचा विचार टाळता येणार नाही. झुडपी जमिनीवर निस्तार चालतो, गुरे चरतात. आणि ज्यांना स्वतःचे शेत नाही अशा कुटुंबांना सरपण देणारी ही शिवारातली शेवटची जागा आहे. तिला कुंपण घालून माणसांना बाहेर ठेवा, असे कोल्ह्याच्या नावाने कोणी म्हणेल तर तो अन्याय होईल आणि अज्ञानही. कोल्हा आणि गुराखी यांनी ही जागा पिढ्यान् पिढ्या वाटून घेतली आहे. दिवसा गुराखी उघड्या गवतात, कोल्हा जाळीत, आणि रात्री उलट. गुरे चरल्याने जाळी संपत नाही. जाळी संपते ती जमिनीचा उपयोग बदलल्याने. त्यामुळे निस्ताराचे हक्क आणि कोल्ह्याचा आडोसा यांत मूळचा विरोध नाही. विरोध आहे तो या दोहोंचा एकीकडे, आणि मोकळी जागा दिसली की तिचे काहीतरी केलेच पाहिजे या उत्साहाचा दुसरीकडे.

निकालातील आणखी एक कलम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तीन हेक्टरांहून लहान आणि अन्य वनाला लागून नसलेले झुडपीचे सुटे तुकडे राज्याने भारतीय वन अधिनियमाखाली ‘संरक्षित वन’ म्हणून जाहीर करावेत, असे त्यात म्हटले आहे. त्यासाठी प्रत्येक तुकड्याचा गट क्रमांक, क्षेत्र आणि सद्यःस्थिती तपासावी लागेल. हे काम तलाठी, भूमापन कर्मचारी आणि वनरक्षक यांच्याकडे येणार. स्थळपाहणीच्या वेळी जागेवर काय आहे हे लिहावयाचे असते: अतिक्रमण आहे काय, झाडे किती, पाणी आहे काय. पाहणी फेब्रुवारी ते मे या महिन्यांत झाली, तर नाल्याच्या काठाला ताजी उकरलेली माती, तोंडाशी पडलेली हाडके आणि पिसे, आणि धुळीत उमटलेले लहान-मोठे पंजे दिसू शकतील. तीन हेक्टर म्हणजे साडेसात एकरांच्या आतबाहेर. तेवढ्यात कोल्ह्याचे एक बीळ सहज बसते.